गुरुजींनी न पाहिलेलं जहाज

नीळकंठ गुरुजींचा पश्चिमेकडचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे भुसावळ. तोही मेव्हण्याच्या लग्नासाठी, आणि जाता-येता सारखं मळमळत होतं म्हणून खिडकीबाहेर बघणंही झालं नाही. भुसावळच्या पुढे मुंबई आहे, मुंबईला समुद्र आहे आणि समुद्रात जहाजं चालतात, हे त्यांना पुस्तकावरून माहीत होतं. जानेफळच्या दोन पिढ्यांना मात्र ते गुरुजींच्या तोंडून माहीत झालं होतं.

माणूस सरळ होता, त्यात शंका नको. खडूचा तुकडा पेराएवढा उरला तरी तो कोटाच्या खिशात जायचा, आणि निवृत्त झाल्यावरही त्या खिशातून पांढरी भुकटी पडतच राहिली. पोराला छडी मारली की पोराआधी यांचाच चेहरा पडायचा. कोणाची चिठ्ठी वाचून दे, कोणाचा अर्ज लिहून दे, कशाला म्हणून नाही नाही. अशा माणसाने आयुष्यात एक मोठं खोटं सांगितलं. एकच. पण हराळीची एक काडी राहिली तरी ती वावर धरते, तसं त्या एकाने पुढची पंधरा वर्षं धरली.

झालं असं. वर्ग सहावीचा, विषय भूगोल, धडा पृथ्वी गोल असल्याच्या पुराव्यांचा. गुरुजी फळ्यावर अर्धगोल काढून सांगत होते, की किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर लांबून येणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीचं टोक आधी दिसतं, मग शीड, आणि सगळ्यात शेवटी जहाजाचं धड. नेमके त्या दिवशी शाळाखात्याचे डेप्युटी, गावच्या भाषेत दिपोटी साहेब, तपासणीला आलेले, मागे खुर्ची टाकून बसलेले. आणि नेमका त्याच दिवशी तुळशीराम उभा राहिला. उकंडराव आणि जनकाबाई या शेतकरी जोडप्याचा हा एकुलता एक मुलगा. त्याला प्रश्न पडायचे, आणि पडलेला प्रश्न त्याच्या पोटात राहायचा नाही.

"गुरुजी, तुमी सोता पाह्यलं का?"

दिपोटी साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. 'नाही' म्हणायला काय लागत होतं? पण गुरुजींच्या घशाला कोरड पडली, आणि त्या कोरड्या घशातून निघालं, "हो. पाहिलं ना. मुंबईला, किनाऱ्यावर उभं राहून. या डोळ्यांनी."

साहेब खूश झाले. 'इतर शिक्षक पुस्तक वाचून दाखवतात, हे अनुभव सांगतात,' असा शेरा त्यांनी वहीत लिहिला आणि जाताना गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानंतर दरवर्षी तो धडा आला की गुरुजींना जहाज पाहावंच लागे. पोरं मोठ्या भावांकडून ऐकून आलेली असत आणि 'गुरुजी, ते मुंबईचं सांगा ना' म्हणून मागे लागत. पहिल्या वर्षी नुसतं शीड होतं, तिसऱ्या वर्षी त्या शिडाला ठिगळ लागलं, आणि पाचव्या वर्षी डोलकाठीवर एक पांढरा पक्षी येऊन बसला. घरी शारदाबाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाल्या, "आपण भुसावळला पक्षी नव्हता हो पाहिला." गुरुजी त्या दिवशी एकच पोळी खाऊन उठले.

त्या तपासणीच्या दुसऱ्याच वर्षी तुळशीराम सातवी पास झाला आणि एक दिवस कोणाला न सांगता मलकापूरला जाऊन रेल्वेत बसला. दीड महिन्याने मुंबईहून कार्ड आलं. जनकाबाई ते पदराखाली झाकून गुरुजींकडे घेऊन आली, कारण तिला अक्षरओळख नव्हती आणि उकंडरावालाही नव्हती. कार्डात होतं, 'जहाज पाहायला आलो. पाहिलं. आधी टोकच दिसतं. आता जहाजावरच काम मिळतं का बघतो.'

गुरुजींनी ते वाचलं आणि खाली मान घालून शिव्या खायची तयारी केली. पण जनकाबाई डोळे पुसून म्हणाली, "तुमी पाह्यलं ते सांगतलं, गुरुजी. खोटं थोडंच सांगतलं? तुमचा काय दोष?"

तिने दगड मारला असता तर बरं झालं असतं. निर्दोष सोडलं, तेही नेमक्या त्याच कारणासाठी, जे खरं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. बाजाराच्या दिवशी ती लांबून येताना दिसली तरी गुरुजींचा हात टोपीकडे जायचा, टोपी सरळ असली तरी.

पुढे तुळशीरामला खरंच जहाजावर खलाशाचं काम मिळालं. वर्षातून दोन-तीन चिठ्ठ्या यायच्या. पोरगा बोलायला वाचाळ, पण लिहायला कंजूष. 'मी खुशाल आहे. जहाज अमक्या बंदरात आहे. तब्येत सांभाळणे.' तीन ओळी. पहिल्यांदा गुरुजींनी त्या तीन ओळी वाचल्या तेव्हा जनकाबाई पुढचं ऐकायला तशीच बसून राहिली. "बस? येवढंच?" तिने विचारलं. आणि ज्याच्यामुळे तिचं पोरगं गेलं त्या माणसाच्या तोंडून आपसूक निघालं, "नाही, पुढे आहे ना. माय, तुही आठवण येते, असं लिहिलंय." जनकाबाईचा चेहरा असा उजळला की गुरुजींना वाटलं, चला, थोडं पाप फिटलं.

फिटलं कसलं, वाढलं. पुढच्या प्रत्येक चिठ्ठीत आठवण आली. कधी तिच्या हातची ज्वारीची भाकर आठवायची, कधी अंगणातली शेळी. जनकाबाई उत्तर सांगायची, "लिवा, तू भाकरीची याद काढते त मले घास उतरत नाही." गुरुजी ते वाक्य गाळून लिहायचे, 'आम्ही सर्व खुशाल आहोत.' मध्ये उकंडराव वारला तेव्हा तुळशीराम दहा दिवस येऊन गेला. ते दहाही दिवस गुरुजी आजारी पडून घरातच राहिले.

महाराष्ट्र होऊन सात वर्षं झाली होती आणि गुरुजी निवृत्त होऊन एक, तेव्हा पोस्टाने ती पेटी आली. पुठ्ठ्याची, हातभर लांब, झाकणावर रंगीत शिडाचं जहाज. सोबत तुळशीरामचं पत्र, यावेळी चक्क पानभर.

'गुरुजी, हे परदेशात मिळालं. लाकडाचे तुकडे जोडून आपणच जहाज बनवायचं. माझं जहाज म्हणजे आगबोट, तसं मिळालं नाही. हे जुन्या तऱ्हेचं शिडाचं, तुम्ही मुंबईला पाहिलं होतं तसं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असल्याने तुमच्या हातून बरोबर जमेल. तयार झालं की मायला दाखवा. मी कसा राहतो ते तिला कळेल. दिवाळीनंतर सुट्टीवर येतो तेव्हा पाहीन.'

गुरुजींनी पत्र चार वेळा वाचलं. पोराने कौतुकाने पाठवलेली भेट, आणि त्यांना मात्र आपल्या नावाचा समन्स आल्यासारखं झालं.

पेटीत काय नव्हतं? एक फळीचा कणा, त्यात बसवायच्या पंधरा-सोळा बरगड्या, पातळ पट्ट्यांची जुडी, सुताची गुंडी, शिडाचं कापड, काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक पितळी खिळे. आणि एक मोठा कागद, त्यावर आकृत्या आणि बाजूला मजकूर. मजकुराची लिपी इंग्रजीसारखी, पण भाषा इंग्रजी नव्हती. गुरुजी चष्मा पुसून पुसून बघत राहिले. चौतीस वर्षं गावाला वाचायला शिकवलेला माणूस, त्याला त्यातला एक शब्द लागेना. जनकाबाई चिठ्ठी उलटीसुलटी धरून बघते तेव्हा तिला काय दिसत असेल, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

बरं, विचारावं तर कोणाला? गावात जहाज पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे नीळकंठ गुरुजी!

दुपारची जेवणं आटोपली की ओसरीत चटई टाकून काम सुरू व्हायचं. पेटीतली डिंकाची नळी वाटेत वाळून दगड झाली होती, म्हणून गुरुजींनी पुंजाजी सुताराकडून सरस आणला. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा. शारदाबाईंनी नाकाला पदर लावला आणि बजावलं, की हा घाण पदार्थ माझ्या चुलीवर चढणार नाही. मग ओसरीत वेगळी शेगडी आली. पातळ पट्ट्या वाकवायला गेलं की कडाकडा मोडायच्या. पुंजाजीने सांगितलं, "भिजवा न गुरुजी, मंग वाकवा. लाकूड न् मानूस कोरडं असलं का मोडतेच." भिजवलेल्या पट्ट्या गरम पाण्याने भरलेल्या तांब्यावर दाबून वळण द्यायचं, बरगड्यांवर सरसाने चिकटवायचं आणि वाळेपर्यंत शारदाबाईंच्या केसांच्या आकड्यांनी धरून ठेवायचं, अशी रीत बसली. शारदाबाई महिनाभर अंबाडा सुतळीने बांधत होत्या.

नवशिक्याने करायच्या सगळ्या चुका गुरुजींनी केल्या. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक अशा पट्ट्या चढवायच्या असतात. यांनी डावी बाजू पूर्ण करूनच उजवीला हात घातला. सगळं धड डावीकडे ओढलं जाऊन केळ्यासारखं वाकलं. मग ते ओलं करून पाटाला बांधलं, वर वरवंटा ठेवला आणि तीन दिवस देवासारखं कोपऱ्यात बसवलं. थोडं सरळ झालं. अगदी सरळ काही झालं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एका दुपारी सरसाची वाटी कलंडली ती थेट कागदावर, शेवटच्या आकृतीवर. पुसायला गेले तर तेवढा तुकडा चटईला चिकटून फाटून आला. आणि हातात उरला एक झडपेसारखा लाकडी भाग. हे सुकाणूच असणार. सुकाणू म्हणजे जहाज वळवण्याचं साधन, हा अर्थ गुरुजींनी शेकडो पोरांना लिहून दिला होता. ते जहाजाला बसवतात कुठे, हे पुस्तकात नव्हतं. झाकणावरच्या चित्रात जहाजाचा खालचा भाग लाटांत बुडालेला.

गुरुजींनी दोन दिवस विचार केला. मग सहज विचारल्यासारखं पुंजाजीला विचारलं, "काय रे, गाडीला वळण कुठून मिळतं?"

"पुढूनच की. जू पुढं, बैल पुढं, कासरे पुढं. मांगून वळते अशी गाडी पाह्यली का तुमी कोठी?"

पाहिली नव्हती. नांगर पुढून वळतो, वखर पुढून वळतो, सायकलसुद्धा पुढून वळते. गुरुजींनी सुकाणू जहाजाच्या नाकावर बसवलं, चांगला घट्ट सरस लावून. शिडं चढली, दोऱ्या ताणल्या, आणि दसऱ्याच्या आधी जहाज ओसरीतल्या ट्रंकेवर उभं राहिलं. गाव बघायला आलं. शाळेत शिकून बापे झालेले लोक पोरांना कडेवर घेऊन सांगत होते, "पाय, हे गुरुजींनी मुंबईले पाह्यलं होतं ते." गुरुजी आत जाऊन पाणी पीत होते.

सगळे गेल्यावर जनकाबाई आली. चप्पल बाहेर काढून, हात जोडून, देवळात यावं तशी. जहाजाभोवती हळूहळू फिरली आणि म्हणाली, "यातलं माह्या तुळशाचं कोणतं?"

"म्हणजे?"

"तो झोपते कोठी?"

आता सांगायचं, असं गुरुजींनी मनाशी म्हटलं. आत्ताच. मला ठाऊक नाही, मी कधी जहाज पाहिलं नाही, मी खोटारडा आहे. त्यांनी तोंडही उघडलं. पण तिचा चेहरा बघितला आणि बोट आपोआप पुढे गेलं. जहाजाच्या पाठीवर एक छोटी पेटी होती, समोर बारीक जाळी असलेली. "ही. ही खोली. जाळीची खिडकी आहे, वारा येतो."

"लहान हाये व माय! पाय लांब करता येत असतीन का?"

"येतात."

"तुमी पाह्यलं म्हंजे येतच असतीन," जनकाबाई म्हणाली आणि समाधानाने गेली.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. तिच्या वावरात कापूस फुटला होता. पहिल्या वेचणीआधी बाया सीतादही करतात, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि तो पहिला कापूस देवाच्या वातींसाठी ठेवतात. त्यातला चिमूटभर तिने पदराच्या गाठीत बांधून आणला होता. बोटांनी पिंजून त्याची नखाएवढी गादी केली आणि त्या जाळीच्या पेटीत सरकवली. "लाकडावर पाठ दुखते लेकराची. देवाले सांगतलं म्या, यंदा थोडा कमी घे." गुरुजी खांबाला धरून उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी ओसरीत बसणं सोडलं.

दिवाळी झाली आणि तुळशीराम आला. उंच, काळा झालेला, बोलण्यात मुंबईची हिंदी मिसळलेली. आईला घेऊन थेट गुरुजींकडे. पायावर डोकं ठेवलं, शारदाबाईंसाठी आणलेली बिस्किटांची पेटी दिली आणि ट्रंकेपाशी गेला. एखादा जाणकार माणूस बैल बघतो तसा त्याने जहाजाच्या कुशीवरून हात फिरवला. डावीकडचा बाक त्याच्या लक्षात आला, तो हसला. मग त्याचं बोट नाकाशी आलं, सुकाणूवर, आणि तिथेच थांबलं.

त्याने वर पाहिलं. गुरुजींनी खाली पाहिलं. काय चुकलं ते गुरुजींना कळलं नव्हतं, पण चुकलं हे कळलं होतं. पंधरा वर्षं वाट पाहिलेला तो क्षण होता, आणि तो शारदाबाईंच्या चहाच्या वासात, भरदुपारी आला होता.

जनकाबाईला त्याचा पत्ताच नव्हता. ती उत्साहाने पुढे झाली. "अन् हे पाय, तू इथी झोपते ना? गुरुजींनी दाखवलं मले. म्या कापूस टाकला. मऊ लागते का?"

तुळशीराम वाकला. त्याने जाळीतून तो कापूस पाहिला. जुन्या जहाजांवर कोंबड्या ठेवायचं खुराडं असतं, तेच हे होतं. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. सरळ होऊन तो कोरड्या घशाने म्हणाला, "हाव माय. इथीच झोपतो मी. लय मऊ लागते."

तो 'हाव' गुरुजींच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. तीच घशाची कोरड. दिपोटी साहेबांसमोर जे निघालं होतं, ते पंधरा वर्षांनी त्या पोराच्या तोंडून निघालं, आणि कोणासाठी? तर यांची अब्रू झाकण्यासाठी, सख्ख्या आईशी. भूगोल काय, गणित काय, आपण शिकवलेलं पोरं विसरतात, असं गुरुजी नेहमी म्हणायचे. हे मात्र पोरगं बरोबर शिकलं होतं.

"तो खोटं बोलतोय, जनकाबाई," गुरुजी म्हणाले. "माझ्यासाठी बोलतोय. तो तिथे झोपत नाही. ते काय आहे, मला ठाऊक नाही. मी जहाज पाहिलेलं नाही. कधीच नाही. मुंबईसुद्धा पाहिलेली नाही."

जनकाबाई हसली. तिला ती थट्टा वाटली. मग तिने मुलाकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

"साहेब बसले होते, लाज वाटली, म्हणून बोललो," गुरुजी म्हणाले. "त्यावरून हा गेला."

चुलीवर चहा उतू गेला तरी शारदाबाई हलल्या नाहीत.

"मंग तुमचा दोष हाये," जनकाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. आजवर दुसऱ्या खात्यात ठेवलेली वस्तू तिने जागेवर नेऊन ठेवली, इतकंच. मग तिच्या मनात दुसरं काही आलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "अन् चिठ्ठ्यायीत ते राहे ते? माय, तुही आठवण येते?"

तुळशीरामने चमकून गुरुजींकडे पाहिलं. त्याला कुठे ठाऊक होतं?

"ते माझं," गुरुजी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. भाकरीचं, शेळीचं, सगळं."

जनकाबाई ट्रंकेपाशी गेली. दोन बोटं घालून तिने खुराड्यातला कापूस काढला, पदराच्या टोकाला पुन्हा गाठ मारली आणि चहा न घेता निघून गेली.

सुट्टी संपून निघताना तुळशीराम एकटा भेटायला आला. त्याने सरस गरम करवून नाकावरचं सुकाणू सोडवलं आणि मागे बसवून दाखवलं. "जहाजाले पुढून ओढणारं कोणी नसते, गुरुजी. मांगूनच वळवा लागते." मग म्हणाला, "मी गेलोच असतो. तुमी सांगतलं नसतं तरी." गुरुजींना त्यावर विश्वास ठेवायची फार इच्छा झाली. पण हा आपल्यासाठी खोटं बोलू शकतो, हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

दारात पोचल्यावर तो थांबला. "माय बोलून नाही राह्यली माह्यासंगं. म्हणते, परक्या मानसाले सुचलं ते तुले पंधरा वर्सात एकडाव नाही सुचलं." आणि तो गेला.

जहाज ट्रंकेवर राहिलं. नाकावर सरसाचा काळा डाग होता, तो खरवडला असता तर निघाला असता. गुरुजींनी खरवडला नाही. बाजाराच्या दिवशी जनकाबाई समोरून जायची, मान न वळवता. गुरुजी दारात उभे राहायचे, ती दिसेनाशी झाली की आत यायचे. शारदाबाई एकदा म्हणाल्या, "जाऊन पाय धरा की." गुरुजी म्हणाले, "पाय धरले की तिला मला 'उठा' म्हणावं लागेल. तेवढंही तिच्यावर का टाकायचं?"

होळीच्या सुमारास चिठ्ठी आली. जनकाबाई ती हातात धरून पायरीशी उभी राहिली, वर आली नाही.

"वाचा. जेवढं हाये तेवढंच वाचा."

गुरुजींनी पाकीट फोडलं. 'मी खुशाल आहे. जहाज कोलंबोला आहे.' आणि त्याखाली, त्याच वाकड्या अक्षरात, पहिल्यांदाच: 'माय, तुही आठवण येते. खरंच येते.' त्यांनी जसंच्या तसं वाचलं.

जनकाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. "म्या सांगतलं होतं तुमाले. जेवढं हाये तेवढंच."

"एवढंच आहे. देवाशपथ हेच लिहिलंय."

"शपथ घेऊ नका," ती म्हणाली आणि हातातून चिठ्ठी ओढून घेऊन गेली. सोसायटीत रमाकांत कारकून बसायचा, ती त्याच्याकडे गेली. गुरुजी पायरीवरच थांबले. त्या पहिल्या कार्डानंतर आज पहिल्यांदा त्यांनी तिला अगदी खरं वाचून दाखवलं होतं, आणि ते खरं करून दाखवायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. कोणाला बोल लावायचा? पेरलं तेच उगवलं होतं.

अर्ध्या तासाने ती परत आली.

"त्यानं काय वाचलं?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी वाचलं तेच."

"मग?"

"तोही तुमच्याच शाळेतला," जनकाबाई म्हणाली. "पोस्टातला तुमचाच. गिरणीवरचा तुमचाच. या गावात वाचता येते तो जो तो तुमचा हाये. म्या कोणाले विचारू?"

ती उन्हात उभी होती, चिठ्ठी घामाने मऊ झाली होती. मग ती पायऱ्या चढून ओसरीत आली, ट्रंकेकडे पाठ करून चटईवर बसली.

"'माय' कसं लिवतात?"

गुरुजींनी फडताळातून जुनी पाटी काढली. कोटाच्या खिशात खडू होताच. त्यांनी दोन अक्षरं मोठी काढून पाटी तिच्यासमोर ठेवली. जनकाबाईने त्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग चिठ्ठी मांडीवर पसरून ती वरून खाली शोधू लागली. पाटीकडे बघायचं, चिठ्ठीकडे बघायचं. बाहेरून बैलगाडी गेली, शारदाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तिचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या ओळीशी तिचं बोट थांबलं.

"हे हाय का?"

"हो. तेच."

ती त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. गुरुजींना राहवेना. त्यांनी वाकून त्यापुढच्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणायला लागले, "आणि याच्यापुढे..."

"सांगू नका," जनकाबाई म्हणाली. "शिकवा."

गुरुजींनी बोट मागे घेतलं. पाटी कोटाच्या बाहीने पुसली आणि त्यावर 'तु' काढला.